बिनधुराड्याची शेगडी

थंडीत कसं राहायचं हे मला कुणी शिकवायला नको. आमचं गाव डोंगरावर. हिवाळ्यात बादलीतल्या पाण्यावरचा बर्फ फोडल्याशिवाय तोंड धुता येत नाही. पण त्या वर्षी थंडी खाली सपाटीवर उतरली, जिथे माझी धाकटी लेक दिली आहे. तिकडच्या लोकांकडे धड स्वेटर नाहीत. नळ फुटले, विजेच्या तारा तुटल्या आणि धाकटीच्या शेडमधले दिवे गेले. त्या दिव्यांच्या उबेवर तिची बाराशे कोंबडीची पिल्लं होती, पाच दिवसांची. एवढ्याशा पिल्लाच्या अंगात स्वतःची ऊब नसते, ती बाहेरून द्यावी लागते.

संध्याकाळी तिने रडकुंडीला येऊन फोन केला. मी शहाणपण शिकवलं.

"चार शेगड्या घे, कोळसा पेटव. आणि एकूण एक फट बुजव. दाराखाली पोतं, झरोक्यांत पोती. आम्ही इथे तेच करतो."

तेच करतो हे खरं होतं. पण आमच्या शेगडीला पत्र्याचं धुराडं असतं, ते छपरातून वर निघतं. जन्मभर ते डोळ्यांसमोर आहे, म्हणून त्याची आठवणसुद्धा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी थोरल्या सुनेबरोबर लोकर गुंडाळत बसले होते. फोन वाजला.

"आई, तुझी युक्ती चालली बरं का!" धाकटी खुशीत होती. "शेगड्या मिळेपर्यंत सकाळ झाली, सातला पेटवल्या. तोवर सगळी कोपऱ्यात एकावर एक चढत होती, नुसता कलकलाट. आता बघ, कशी छान पसरून बसलीत. हूं नाही की चूं नाही."

पिल्लं पाळणारी माणसं तापमान पिल्लांवरून ओळखतात. गोळा झाली तर गारठलीत, भिंतीला जाऊन टेकली तर उकडतंय, पसरून बसली तर सगळं ठीक. धाकटीने तेच पाहिलं आणि निर्धास्त झाली. पण मी तिच्याकडे महिनाभर राहून आले होते. सुखात असलेली पिल्लंही गप्प नसतात, बारीक आवाजात त्यांचं काहीतरी चालूच असतं. फोनमधून मला त्यांचं काहीच ऐकू येत नव्हतं.

"जावईबापू कुठेत?"

"जनरेटर मिळतोय का बघायला गेलेत. आई, डोकं जरा जड झालंय गं. रात्रभर झोप नाही ना."

"उलटी झाली का?"

"झाली मघाशी एकदा. शेजारीण म्हणाली, आनंदाची बातमी की काय!" ती हसली. हसणं नको तितकं लांबलं.

माझ्या हातातली लोकर खाली पडली.

"ठमे, तू आत्ता कुठे आहेस?"

"शेगडीपाशी बसलेय. मस्त वाटतंय."

"ऊठ. दार उघड आणि बाहेर जा."

"वेड लागलंय का तुला? दार उघडलं तर दहा मिनिटांत सगळी मरतील."

"तू मरशील! तुझ्या शेगडीला धुराडं नाही."

"धूर नाहीच, तर धुराडं कशाला? निखारे कसे लालबुंद झालेत. आणि तूच म्हणालीस ना, एकूण एक फट बुजव."

"मी चुकले."

एवढ्या वर्षांत माझ्या तोंडून हे तिने ऐकलं नव्हतं. "काय म्हणालीस?"

"चुकले बाई मी. कोळशाचा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. तो आत कोंडलाय."

"तू ना... उगाच घाबरतेस." तिचे शब्द एकमेकांत अडकत होते. "मी जरा पडते. मग बोलू."

थोरली सून तिच्या फोनवरून जावईबापूंना लावत होती. ते उचलत नव्हते. ओरडून ही पोरगी कधीच ऐकणार नाही, हे मला तिच्या लहानपणापासून माहीत. मी आवाज खाली आणला.

"बरं, पड. पण आधी माझ्यासाठी एक पिल्लू उचल."

"कुठलं?"

"हाताशी असेल ते. मान कशी आहे त्याची?"

खालच्या भुशात तिने चाचपल्याचा आवाज आला.

"लोंबतेय."

"दुसरं उचल."

"आई..."

"दुसरं उचल म्हणते ना!"

"हेपण तसंच." आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "आई, ही झोपलेली नाहीत."

"आता दाराकडे."

"पाय उचलत नाहीत माझे."

"मग रांग. फोन स्वेटरच्या खिशात टाक आणि रांग. मी बोलत राहते."

काय बोलले ते आठवत नाही. भुशावरून काहीतरी घासत जात होतं. थांबलं. मी हाका मारत सुटले. पुन्हा घासलं.

"दार उघडत नाही. पोतं अडकलंय."

"ओढ ते!"

"नाही जमत."

"ठमे, ओढ!"

पत्रा खणकन वाजला आणि फोनमध्ये वारा शिरला. जन्मभर ज्या वाऱ्याला शिव्या घातल्या, तो मी कान लावून ऐकला.

बाहेर ती खोकली, ओकली, मग रडायला लागली.

"आई, काही पिल्लं हलतायत. मी झरोक्यांतली पोती काढते."

"आत पाऊल टाकलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील!"

"आत नाही जात. बाहेरून काठीने ढकलते."

मला ते सुचलंच नसतं. काठीचे ठोके ऐकू आले, थांबत थांबत. मग ती फोनवर परत आली.

"कितीतरी गेली, आई. तू सांगितलंस म्हणून मी केलं."

"हो."

"तुला खालचं काही कळत नाही."

"नाही कळत."

"मग सांगतेस कशाला? मोठी आली शहाणी! वर बसून हुकूम सोडायचे नुसते. मी मूर्ख, तुझं ऐकते..."

थोरली सून माझ्याकडे बघत होती. धाकटी बोलतच होती, दम खात, पण आता एकेक शब्द सुटा येत होता.

"ऐकतेयस ना?" ती खेकसली.

"ऐकतेय. जावईबापू येईपर्यंत तिथेच बाहेर बस," मी म्हणाले, "आणि अजून बोल."