लेबलवर काय लिहू?

"कशावरचं औषध म्हणून लिहू?" चष्मा कपाळावर सरकवत व्हर्नानं विचारलं.

काउंटरपलीकडचा टायवाला माणूस गोंधळला. तो राज्याच्या तुरुंग खात्याकडून आला होता. ओक्लाहोमातल्या त्या छोट्या गावात क्रॅबट्रींचं औषधाचं दुकान होतं, आणि गेली एकतीस वर्षं तिथली लेबलं व्हर्नाच टाईप करत होती. गोळी कशासाठी आहे हे गिऱ्हाइकाला नीट समजल्याशिवाय ती पुडी हातातून सोडत नसे.

"प्रक्रियेसाठी," माणूस म्हणाला.

"कसली? दाढ काढायची की मूतखडा?"

"बाई, ते एक प्रॉडक्ट आहे. एवढंच पुरे."

"बरं, पेशंटचं नाव?"

"गोपनीय."

"दिवसातून किती वेळा?"

"एकदाच."

व्हर्नाची बोटं थबकली. तिनं मागे उभ्या असलेल्या क्रॅबट्रींकडे पाहिलं. म्हातारे मालक कानांपर्यंत लाल झाले होते. आठवडाभर ते घुम्यासारखे का वागत होते, ते तिला आत्ता कळलं.

"मिस्टर क्रॅबट्री, तुम्ही हो म्हणालात?"

"अगं, मी नाही दिलं तर दुसरा कुणी देईल. आणि तो कैदीही काही संत नाही, व्हर्ना. दोन जीव घेतलेत त्यानं."

"मी कुठं त्याला संत म्हणतेय? मला फक्त लेबल लिहायचंय."

तिनं टाईप केलं आणि कागद त्यांच्या हातात दिला. सवयीप्रमाणे ते मोठ्यानं वाचू लागले, "माणूस मारण्यासाठी. एकदाच." आणि कागद त्यांनी काउंटरवर ठेवला.

"हे असं चालणार नाही," टायवाला म्हणाला.

"का हो? हिचं लेबल आजवर कधी चुकलं नाही." क्रॅबट्री हळूच म्हणाले. "यात काय चुकलंय, तेवढं सांगा."

क्रॅबट्रींनी त्याची ऑर्डर घडी करून परत दिली. "मला नाही जमायचं."

तुरुंगाला औषध दुसरीकडून मिळालं. मार्चमधल्या एका गुरुवारी दुकान बंद करता करता रेडिओवर बातमी लागली, त्या कैद्याला इंजेक्शन देऊन मृत्युदंड दिला म्हणून. क्रॅबट्री खोकल्याचं औषध बाटलीत ओतत होते. थोडं काउंटरवर सांडलं.

व्हर्नानं त्यांच्या हातातून बाटली घेतली आणि पायानंच स्टूल त्यांच्यामागे सरकवलं. "बसा जरा."

ते बसले. ती फडक्यानं काउंटर पुसत राहिली, पुसून झाल्यावरही.