रावणाची तपासणी

जव्हारच्या वृद्धाश्रमात रक्त पातळ करायची गोळी चौघांना चालू होती, पण तिचा ताप वाटायचा तो एकट्या लहान्या म्हाताऱ्याला. कुठे रक्तस्राव तर होत नाही ना, म्हणून रोज सकाळी पुष्पा सिस्टर हिरड्या बघायची, हातापायांवरचे काळेनिळे डाग शोधायची आणि भर व्हरांड्यात विचारायची, "बाबा, शौचाला काळी झाली का?" शेजारची गौरा म्हातारी खुशाल सविस्तर सांगायची. लहान्या लाजेने अर्धा व्हायचा.

त्यात त्याच्या गावचा, पोशेऱ्याचा बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून देवादिकांची सोंगं नाचवायचा उत्सव, तोंडावर आला. सोंगांमधला रावणाचा मुखवटा लहान्याच्याच घराण्याने नाचवायचा, ही पिढ्यांची रीत. तो गेला नाही तर मुखवटा चुलतभाऊ सोम्याकडे जाणार, आणि सोम्याचे पाय संबळाच्या ठेक्यावर जन्मात कधी पडले नव्हते. पुष्पाने अट घातली, "अंगावर एकही नवा डाग दिसला तर जायचं नाही. पडलात, डोक्याला लागलं, तर रक्त थांबता थांबणार नाही."

मग काय, लहान्याने खाटेच्या कोपऱ्यांना गोधड्या बांधल्या. दारातून तो आडवा होऊन जाऊ लागला. गौराने कौतुकाने पाठीवर थाप मारायला हात उचलला, तर हा चार पावलं मागे.

निघायच्या सकाळी पुष्पाने त्याची बाही वर केली. कोपराच्या खळगीत जांभळाएवढा डाग.

"हे काय?"

"तुझीच सुई," लहान्या म्हणाला. "काल तपासायला रगत काढलंस. कापूस दाबून धरायचा, तर तुझा फोन आला नि तू निघून गेलीस."

अख्खा व्हरांडा हसला. पुष्पा ओशाळली. तिने कालचा रिपोर्ट पाहिला, डॉक्टरांना विचारलं. रक्त हवं तेवढंच पातळ होतं. "चला. पण मी सोबत येणार, आणि फेरी एकच."

पोशेऱ्यात लहान्याने मुखवटा चढवला आणि एक कसली, दोन फेऱ्या मारल्या. मागून धावणाऱ्या पुष्पालाही सोंग समजून बायकांनी कुंकू लावलं. लहान्याच्या अंगात आनंद मावत नव्हता. तिसऱ्या फेरीत ओठाला खारट लागलं. मुखवट्याच्या आत कोणाला दिसणार होतं? पण तो थांबला, मुखवटा उतरवून सोम्याच्या हातात दिला.

"सिस्टर, नाकातून रगत आलंय. बघ."

पुष्पाने त्याला बसवलं, पुढे वाकवलं आणि नाक चिमटीत धरलं. सोम्या नाचू लागला. लहान्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बंद नाकाने तो ओरडत राहिला, "डावा पाय, सोम्या. डावा."