कुणाच्या हातचं पातं

म्हाताऱ्याचा हट्ट एकच, भट्टीपुढे उभं राहायचं ते त्यानेच. चाळीस वर्षं तो पोलादाचे थर जोडून, पिळून, ठोकून नक्षीची पाती घडवत आला होता. पात्याला पाणी द्यायची, म्हणजे लाल तापलेलं पातं तेलात बुडवायची वेळ तो नुसत्या रंगावरून ओळखायचा. सुनेने घडाई शिकून घेतली तोवर ठीक होतं. पण तिने विजेची भट्टी आणली, पाठोपाठ कठीणपणा मोजायचं यंत्रही आणलं, आणि म्हणाली, "बाबा, आता पाणी मी देणार. तुम्हाला मोतीबिंदू झालाय."

"डोळे गेले तरी अंदाज जात नाही, सूनबाई."

झालं, पैज लागली. दोघांनी एकेक पातं घडवायचं आणि ज्याचं त्यानेच पाणी द्यायचं. ज्याचं पातं यंत्रावर कठीणपणाच्या साठ या आकड्याच्या जास्त जवळ जाईल, भट्टी त्याची. हरेल त्याने पात्यांच्या लाकडी मुठी घासत बसायचं.

मुठी घासणं म्हणजे म्हाताऱ्याच्या लेखी जिवंतपणी फोटोत जाऊन बसणं. म्हणून दोन्ही पात्यांना पाणी देऊन झाल्यावर सून चहा टाकायला आत गेली तशी त्याने दोन्ही पात्यांवर कानस फिरवून पाहिली. तिच्या पात्यावरून कानस सुळकन घसरली. त्याच्या पात्यात मात्र कानशीचे दात रुतले, म्हणजे ते मऊच राहिलं होतं. पण पाती होती एकाच मापाची, एकसारखी करडी. नक्षी दिसणार ती आम्लात बुडवल्यावरच. त्याने इकडचं तिकडे केलं आणि साळसूदपणे स्टुलावर जाऊन बसला.

यंत्राने निकाल दिला. त्याच्या बाजूचं पातं साठ, तिच्या बाजूचं चोपन्न. सुनेचा चेहरा पडला. म्हाताऱ्याला वाईट वाटलं, पण जरासंच.

"मुठी घासण्यातही कला असते हो," तो म्हणाला.

सुनेने दोन्ही पाती आम्लात सोडली, थोड्या वेळाने धुऊन उजेडात धरली. चोपन्नच्या पात्यावर नक्षी टोकापासून बुडापर्यंत अखंड उमटली होती. साठच्या पात्यावरही तीच नक्षी होती, पण मधोमध नखाएवढी काळी रेघ. तिथे दोन थर जुळलेच नव्हते.

"बाबा, तुमचा सांधा सुटलाय," सून म्हणाली. "चालायचंच. वय झालं."

म्हाताऱ्याने आणखी थोडं तोंड आवरलं की भट्टी त्याचीच होती.

"फोटो काढून दुकानात लावते," ती मोबाइल काढत म्हणाली. "खाली तुमचं नाव घालते."

"असलं फुटकं काम माझ्या हातचं नाही."

"मग कुणाच्या हातचं?"

म्हाताऱ्याने आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग छताकडे. शेवटी निमूटपणे सांडशी उचलून तिच्या हातात दिली. "सांधा कसा जुळवायचा ते उद्या दाखवतो," तो पुटपुटला.

"दाखवा की," सून म्हणाली. "पण आज आधी कोपऱ्यात पडलेल्या त्या बारा मुठी घासून घ्या."