अर्ध्या श्वासाचा फोटो

मित्रांनो, जरा बाजूला उभे राहा, नाहीतर माझं चाक तुमच्या पायावरून जायचं. मी एक जुनी, फिरती एक्स-रे गाडी आहे. ज्यांना उठून एक्स-रेच्या खोलीपर्यंत येणं जमत नाही, त्यांच्या खाटेशी मीच जाते. माझी मान लांब, आवाज घरघरता, आणि रूपाबद्दल न बोललेलंच बरं.

कारखान्यातून आले तेव्हा माझ्या रंगावर एक ओरखडा नव्हता. पहिल्याच आठवड्यात मला लिफ्टच्या दारावर कुणी आपटलं ते मी विसरलेली नाही, पण ते जाऊ दे. रुग्णाच्या पाठीमागे फोटोची पाटी सरकवायची, ‘श्वास भरा, रोखा’ म्हणायचं आणि बटण दाबायचं, की मी त्याची छाती आतून बघून घेते.

मग ती तापाची साथ आली. विषाणूचा न्यूमोनिया, थेट फुप्फुसांत उतरणारा. वॉर्डात फिरून फिरून मला या दुखण्याची चाल पाठ झाली. पहिल्या फोटोत कधी कधी काहीच दिसत नाही आणि माणूस मात्र तापाने फणफणलेला असतो. मग फुप्फुसांच्या कडेला धुकट ठिपके येतात. ते पसरतात, एकमेकांना मिळतात, दाट होतात. आमच्या फोटोत हवा काळी दिसते आणि दुखणं पांढरं, त्यामुळे पांढरं वाढलं की डॉक्टरांचा चेहरा उतरतो.

त्या दिवसांत शाळेच्या बसचे एक ड्रायव्हरकाका दाखल झाले. चांगला आडदांड माणूस, पण दोन शब्द बोलले की धाप लागायची. पहिले दोन फोटो त्यांनी खाटेवर बसून दिले. ठिपके थोडे वाढले होते, इतकंच. पुढच्या फोटोला मात्र त्यांना बसवेना. आमच्या एक्स-रेवाल्या भाऊंनी झोपवूनच फोटो घेतला, आणि नेमका बटण दाबताना काकांना खोकला आला.

तो फोटो उजेडाच्या पेटीवर लागला. दोन्ही फुप्फुसं पांढरी! छातीच्या डॉक्टरबाईंनी घशात नळी घालायची तयारी करायला सांगितलं. नळी म्हणजे गुंगी, यंत्राचा श्वास, आणि त्यातून माणूस परत येईल याची खात्री कुणालाच नसते. काचेच्या दाराबाहेर काकांची लेक उभी होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण नर्सची धावपळ बघूनच तिचा रंग उडाला.

डॉक्टरबाई मात्र फोटोपुढून हलेनात.

“बोटावरचा ऑक्सिजन कालच्याइतकाच आहे. मग फोटो एवढा कसा बिघडला? भाऊ, श्वास भरला होता का त्यांनी?”

“कुठला भरतात, मॅडम! खोकला आला त्यांना. अर्ध्यातच निघाला फोटो.”

“तरीच! फुप्फुसं मिटलेली आलीत यात. मिटलेली असली की दाट दिसणारच. बसवा त्यांना, पुन्हा काढू. पण पटकन. फार वेळ नाही आपल्याकडे.”

दोघांनी धरून काकांना बसवलं. काका श्वास भरायला जात आणि खोकल्याच्या भीतीने मध्येच सोडून देत. एकदा झालं, दोनदा झालं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“नाही होत हो,” ते कसेबसे म्हणाले.

तेवढ्यात लेकीने बाहेरून काच ठोकली. काका घरापाशी बस लावायचे तेव्हा मागे उभी राहून गाडी मागे घ्यायला तीच सांगायची. तिने दोन्ही हात वर केले आणि स्वतःकडे ओढत ती ओरडली, “येऊ द्या, बाबा! येऊ द्या, येऊ द्या…”

काकांची नजर तिच्या हातांवर खिळली. छाती हळूहळू वर येऊ लागली.

“अजून जागा आहे! येऊ द्या… येऊ द्या… बास!”

भाऊंनी बटण दाबलं.

भाऊ पाटी घेऊन फोटो धुवायला धावले. आला तेव्हा त्यात ठिपके कालच्यापेक्षा थोडे जास्त होते, पण फुप्फुसांचा बराच भाग काळा आणि मोकळा होता. “नळी राहू दे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पालथं झोपवा आणि नजर ठेवा.”

एवढ्यावर संकट टळलं असं समजू नका. पुढचे फोटो आणखी पांढरे आले, पण ऑक्सिजन टिकून राहिला, म्हणून नळी लागली नाही. काकांचा ताप उतरला, भूक लागू लागली, तरी फोटो सुधारायचं नाव घेईना. लेक हवालदिल झाली. डॉक्टरबाई तिला म्हणाल्या, “अगं, माणूस आधी सुधारतो, फोटो मागून येतो.” आणि तसंच झालं. बऱ्याच आठवड्यांनी काका स्वतःच्या पायांनी तपासणीला आले, तेव्हा पांढरं विरून नुसत्या बारीक रेघा उरल्या होत्या.

आता नवी गाडी आली आहे. तिचं सगळं कौतुक चालतं आणि माझ्या मानेवर कुणीतरी ओला एप्रन वाळत घालतं. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? माझ्यावरची धूळ पुसलीत तर उपकार होतील. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. मित्रांनो, आजारी माणसाला एकदाच बघून मनात त्याचा निकाल लावू नका. तुम्ही गेलात तेव्हा तो कदाचित अर्ध्या श्वासात असेल. उद्या पुन्हा जा. त्याला टेकवून बसवा, आणि तो छाती भरून श्वास घेईपर्यंत त्याच्यासमोर उभे राहा.