घोळूचा मुख्य विषय

घरात तिला घोळू म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे. साधी चप्पल घ्यायला गेली तरी दुकानदार जांभया देऊ लागे. आता तर गाठ विद्यापीठाशी होती. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं, दुसऱ्या वर्षापासून एकच मुख्य विषय धरायचा, आणि तो कळवायची मुदत आज संध्याकाळी संपत होती. संख्याशास्त्रात गुण बरे, मानसशास्त्रात बरे, भूगर्भशास्त्रातही बरेच. एक ना धड, भाराभर चिंध्या! एखाद्या विषयात सपशेल आपटली असती, तर निदान तेवढी तरी सुटली असती.

आईला विचारलं, तर ती म्हणाली, "मला मध्ये घालू नकोस गं बाई." मैत्रिणीला विचारलं, तर तिने छातीठोकपणे सांगितलं की पाच वर्षांनी यातली एकही नोकरी उरणार नाही, सगळं यंत्रंच करतील. झालं! तेव्हापासून घोळू तिन्ही विषयांची नावं कागदावर लिहायची आणि खोडायची.

उरले बाबा. बाबा लिफ्ट दुरुस्त करत. माणूस फटकळ. कुठल्या इमारतीचा मालक चिक्कू आहे इथपासून शेजाऱ्याने दाढी ठेवावी की नाही इथपर्यंत त्यांचं मत तयार. पण घोळूच्या विषयाची गोष्ट काढली की तोंडाला कुलूप. "तुझी मर्जी." बस्स. कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं : ताई. बाबांनी ताईला हिशेबाच्या शिक्षणाला घातलं, तिला ते कधीच मानवलं नाही, आणि शिकून झाल्यावर "माझं आयुष्य तुम्ही ठरवलंत" असं तोंडावर सांगून ती दुसऱ्या शहरात निघून गेली. आता फोन करते तो आईला. बाबांनी उचलला तर ठेवून देते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पिणारच, कबूल. पण म्हणून धाकटीला वाऱ्यावर सोडायचं?

दुपारी घोळू तडक बाबांच्या कामावर गेली. लिफ्ट बंदच, म्हणजे गच्चीपर्यंत जिने चढणं आलं. वरच्या खोलीत मोटारीचं झाकण उघडं होतं आणि बाबा गुडघ्यांवर बसून चाकाच्या खाचेतलं जुनं ग्रीस फडक्याने पुसत होते.

"काय गं, इथे कशी?"

"बाबा, आज तुम्ही सांगाच."

"तुझी मर्जी."

"मर्जी, मर्जी, मर्जी! मला मर्जी असती तर एवढे जिने चढून आले असते का?" तिला रडू फुटलं. "मला भीती वाटते, बाबा. काहीही घेतलं तरी चुकेल असंच वाटतं. तुम्ही एक नाव घ्या, मी डोळे मिटून ते भरते. पुढे वाईट झालं तर तुम्हाला बोल लावणार नाही. शप्पथ!"

बाबांचा हात थांबला.

"ताईनेही शपथच घेतली होती," ते म्हणाले.

"ताईने? कसली शपथ?"

"अशीच रडत आली होती. मी म्हटलं, बाई, मला यातलं ओ की ठो कळत नाही. ऐकेचना. शेवटी तिचं रडणं बघवेना, म्हणून तोंडाला आलं ते नाव घेतलं."

"मग हे कधी बोलला का नाहीत? आम्हाला वाटायचं, तुम्हीच जबरदस्ती..."

"नाव तर मीच घेतलं ना," बाबा म्हणाले आणि पुन्हा पुसायला लागले.

घोळू उंबऱ्यावर बसली. आधी तिला ताईचा संताप आला. मग वाटलं, उद्या आपलं बिनसलं असतं तर आपणही हेच केलं असतं, शपथ गेली असती उडत. तिला स्वतःची लाज वाटली. तिने मोबाइल काढून विद्यापीठाचा अर्ज उघडला. बोट भूगर्भशास्त्रावर गेलं, मागे आलं, पुन्हा गेलं. खात्री म्हणाल तर नावालाही नव्हती. तरी तिने दाबलं.

"भरलं," ती म्हणाली.

कोणता विषय, ते बाबांनी विचारलं नाही. ते कसेबसे उठून उभे राहिले.

"ताईला कळवशील?"

"हो."

"मग तिला सांग," बाबा फडक्याला हात पुसत म्हणाले, "सांग की या वेळी मी काही बोललो नाही."