चॅपेलच्या दगडांखालचा काळा

गावच्या छोट्या चर्चच्या, म्हणजे चॅपेलच्या, दाराशी पायऱ्या इनमीन पाच. पण ग्वेन्लियनआजींच्या चाकाच्या खुर्चीला त्या चार वर्षांत एकदाही चढता आल्या नव्हत्या. दर रविवारी आजी बाहेर खिडकीखाली बसून भजनं म्हणत, तीही आतल्यांपेक्षा मोठ्याने. शेवटी एलुनेडने मनावर घेतलं. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पोरांना जेवू घातलेली बाई ती, तिच्यापुढे नकाराचा सूर काढायची गावात कुणाची टाप नव्हती. सुगीच्या प्रार्थनेआधी खुर्चीसाठी उतार बांधून होणार, असं तिने जाहीर करून टाकलं.

मदतीला मिळाला एकटा इद्रिस, निवृत्त पोस्टमन. कामापेक्षा कामातले धोके शोधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

ऑगस्टातल्या एका ओलसर सकाळी दोघं दाराजवळचा दगडांचा जुना ढीग हलवायला लागले. तिसराच दगड उचलला आणि इद्रिस टुणकन मागे उडाला.

"पाली!"

"पाल इतकी सुस्त बसेल का? न्यूट आहेत ते, बेडकाच्या भावकीतले. यंदाचीच पिल्लं दिसतायत."

काडेपेटीतल्या काडीपेक्षा फार मोठी नव्हती ती. सहा तपकिरी, प्रत्येकाच्या पाठीवर नारिंगी रेघ. सातवं थोराड, काळंकुट्ट, चिखलात लोळून आल्यासारखं.

इद्रिसने टोपी काढली. "एलुनेड, मेलो आपण! ही रेघ बघ. तुरेवाले न्यूट आहेत हे. कायद्याने हातसुद्धा लावता येत नाही त्यांना. तुरुंगात घालतात!"

"तुरा कुठाय?"

"पिल्लांना कुठला तुरा? मोठेपणी येतो, तोही नरालाच, विणीच्या दिवसांत."

एलुनेडने बोटांवर दिवस मोजले. सुगीची प्रार्थना तीन आठवड्यांवर आली होती. ओळखणार कोण? तेवढ्यात फाटकातून खुर्ची आली. कामावर देखरेख करायला आजी रोज यायच्याच.

"काय पुरलंय तिथे, खजिना?"

इद्रिसने रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. आजी खुदकन हसल्या. लहानपणी भावाबरोबर खाणीतल्या डबक्यांत काचेची बरणी घेऊन उन्हाळेच्या उन्हाळे काढले होते त्यांनी. पर्समधून पोस्टाची तिकिटं बघायचं भिंग निघालं.

"रेघवाला एक दाखव. हात ओले कर आधी, मेल्या! त्यांची कातडी कोरड्या हाताने सोलते."

ओल्या तळव्यावरचं पिल्लू आजींनी भिंगातून नीट पाहिलं. "गळा बघ, गुलाबी, एक ठिपका नाही. साध्या न्यूटच्या गळ्यावर ठिपके असतात. आता मागचा पाय. तळव्यावर दोन फिकट गाठी दिसतात?"

एलुनेडने डोळे बारीक केले. "दिसतात! तिळाएवढ्या!"

"मग हा जाळपायी न्यूट, याला हलवायला कायद्याची आडकाठी नाही. आमच्या डबक्यात ढिगाने असायचे. पिल्लांच्या पाठीवर अशी रेघ असतेच. तिला घाबरून लोकांची पाचावर धारण बसते."

इद्रिसने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. एलुनेडचा जीव भांड्यात पडला. ढिगाबाहेर गवतात सगळ्यांना हलवायचं आणि दुपारी काम सुरू, असा तिचा हिशेब झालासुद्धा.

"आणि तो काळा?" आजींनी विचारलं.

"तो ना? मळका आहे जरा," एलुनेड घाईने म्हणाली.

"हात लावू नकोस. खुर्ची जवळ घे."

आजी वाकल्या. काळ्याची कातडी खरबरीत होती, कुशीवर मिठाची चिमूट उधळल्यासारखे पांढरे कण. दगडावर चढताना त्याचं पोट दिसलं, भडक नारिंगी, वर काळे डाग.

"हा तुरेवाला," त्या म्हणाल्या.

एलुनेडला वाटलं, आपण तिघंच आहोत, कोण बघतंय? तिने आजींकडे पाहिलं. "आजी, एकच तर आहे…"

"एक दिसतोय. खाली किती असतील? एलुनेड, मला आत बसायचंय, पण याला घराबाहेर काढून नाही. ठेव ते दगड जागेवर, हलक्या हाताने."

दगड परत गेले. एलुनेडचे डोळे भरून आले आणि रागही आला, न्यूटचा, कायद्याचा, सगळ्यात जास्त स्वतःचा. आजी मात्र लहान मुलीसारख्या खुलल्या होत्या. "ऐंशी वर्षांनी भेटला ग मला!"

दोन दिवसांनी न्यूट हाताळायचा परवाना असलेली तज्ज्ञ बाई आली. तिने ढीग बघितला, आजींचं निदान शंभर टक्के बरोबर ठरवलं आणि इथे कुदळ चालणार नाही असं लिहून दिलं.

त्या संध्याकाळी इद्रिस धापा टाकत एलुनेडकडे आला. "मागचं दार! मी नोकरीला लागलो तेव्हा चॅपेलची पत्रं मागच्या दाराच्या फटीतून टाकायचो. तिथे एकही पायरी नाही!"

"मागे दार कुठाय?"

"भजनांच्या पुस्तकांचं कपाट आहे ना, त्याच्या मागे!"

कपाट हलवायला सहा माणसं आणि एलुनेडचा आवाज लागला. दार सुजलं होतं, बिजागऱ्या गंजल्या होत्या, पण उंबरा वाटेच्या बरोबरीचा होता. तासून, तेल घालून, रंग देऊन आठ दिवसांत ते उघडायला लागलं. फक्त एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. ते दार नेमकं व्यासपीठाच्या शेजारी उघडायचं.

सुगीच्या रविवारी खिडक्यांत भोपळे, सफरचंदं आणि गव्हाच्या पेंढ्या मांडल्या होत्या. पाद्रीबाबा प्रवचनाच्या ऐन रंगात असताना शेजारचं दार उघडलं आणि आजींची खुर्ची थेट त्यांच्यापाशी येऊन थांबली. समोर अख्खं गाव.

आजींनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "तुम्ही चालू द्या," त्या पाद्रीबाबांना म्हणाल्या, "पण भजन लवकर घ्या. चार वर्षं बाहेरून ऐकतेय, तिसऱ्या बाकावर कोण बेसूर गातं ते आज मला बघायचंय."

तिसऱ्या बाकावर इद्रिसने टोपीआड तोंड लपवलं. एलुनेड इतकी हसली की पुढचा अर्धा तास तिला प्रवचनातलं अक्षरही ऐकू आलं नाही.