पुठ्ठ्याखालचा लाल दिवा

मित्रांनो, टेलिफोन एक्स्चेंजच्या मागच्या खोलीत जे राखाडी यंत्र गुणगुणत उभे असते, ते मी. मला आता बरीच वर्षे झाली.

केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून प्रकाश धावतो आणि त्यात हजारो माणसांचे बोलणे असते. पाच एक्स्चेंजांतली आम्ही पाच भावंडे त्या धाग्याने गोल बांधलेली. आमचे घड्याळ एकच, त्यामुळे प्रत्येक संभाषणाची जागा ठरलेली. सगळे गाठोडे न सोडता मी नेमके हवे तेवढे काढून देतो. धागा एका बाजूने तुटलाच, तर पापणी लवायच्या आत सगळे बोलणे उलट्या वाटेने पाठवतो. कुणाला पत्ताही लागत नाही. याचे केवढे कौतुक व्हायचे! हाच गुण पुढे मुळावर आला.

माझी देखभाल तंत्रज्ञ ताई करायची. दुपारी एकला तिच्या बाबांचा फोन ठरलेला. "जेवलीस का गं?" एवढेच विचारायचे.

एकदा खोदकामात एक बाजू तुटली. मी बोलणे फिरवले, लाल दिवा लावला, भोंगा वाजवला. साहेब आले.

"कुणाची तक्रार?"

"एकही नाही, साहेब. पण आता सगळं एकाच वाटेवर चाललंय."

"चाललंय ना? मग तो भोंगा बंद करा आधी, डोकं उठलंय. जोडायचं बघू पुढच्या आठवड्यात."

ताईने भोंगा बंद केला. दिवा डोळ्यांत खुपतो म्हणून वर पुठ्ठा चिकटवला. मला फार भीती वाटत होती, पण सांगणार कसे?

एकोणिसाव्या दिवशी भर दुपारी दुसरी बाजूही तुटली. वळायला वाट उरली नव्हती. त्याच वेळी घरी ताईचे बाबा अर्धांगाच्या झटक्याने कोसळले. शेजारच्या काकू रुग्णवाहिकेचा नंबर पुन्हा पुन्हा फिरवत होत्या, फोन मुका. गाडी शोधण्यात पाऊण तास गेला.

बाबा जगले, पण त्यांचे बोलणे गेले.

आता दोन्ही बाजू जोडलेल्या आहेत. पुठ्ठा ताईने स्वतः फाडला, साहेबांना न विचारता. मित्रांनो, काम अडत नाही म्हणजे दुखणे नाही, असे आमच्याबाबतीत समजू नका. दिवा लागला की वेळीच बघा.

रोज एकला आता ताईच फोन लावते. "बाबा, जेवलात का?"

पलीकडून रिसीव्हरवर बोटाची एक टकटक येते. मी ती तिच्यापर्यंत पोचवतो.